गोदीतले कसब कोण राखणार?

२०२४ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाने मुंबईतील काही उपनगरी स्थानकांची इंग्रजी नावे बदलण्याचा ठराव संमत केला. हार्बर मार्गावरील रे रोडसाठी घोडपदेव आणि त्याच्या दक्षिणेच्या डॉकयार्ड रोडसाठी माझगाव ही नावे त्यात सुचविण्यात आली. परकीय सत्ताधीशाचे नाव उतरवून स्थानिक दैवताचे आणि गावाचे नाव लावणे हे स्वाभिमानाचे कार्य आहे. त्याविषयी वाद संभवत नाही. वाद आहे तो पुढच्या प्रश्नाविषयी. पाटी बदलली म्हणून त्या पाटीखालून रोज सकाळी गोदीकडे वळणाऱ्या कामगाराच्या हातातील विद्या सुरक्षित होते काय? की हातचे काम संपताच ती पूर्वीप्रमाणेच वाऱ्यावर सोडली जाणार?

ज्या लॉर्ड रे यांचे नाव या स्थानकाला मिळाले, ते १८८५ ते १८९० या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. आरंभी भायखळ्यास असलेली ही संस्था १९२३ मध्ये माटुंग्यास गेली आणि आज ती वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करून उभी आहे. त्या काळी गिरण्यांना यंत्रे समजणारी माणसे हवी होती. ती आपोआप उगवत नाहीत, घडवावी लागतात, एवढे परकीय राज्यकर्त्यालाही उमगले होते. स्वकीय राज्यकर्त्यांनी त्यापुढचे पाऊल टाकावयास हवे होते. घडविलेला माणूस राखावाही लागतो, हा धडा त्यांना शिकता आला नाही. त्याची किंमत किती मोठी आहे, हे रे रोडच्या हाकेच्या अंतरावर असलेल्या गोदीत लिहिलेले आहे.

तोडणारे हात, घडविणारे हात

रे रोड स्थानकाच्या पूर्वेस दारूखाना. येथे अनेक दशके जुनी जहाजे किनाऱ्याला ओढून तोडली गेली. गॅसकटर घेऊन पोलादावर चढणारा तेथील मजूर बहुधा रोजंदारीवरचा, परगावचा. त्याच्या अंगी कौशल्य नव्हते असे नाही. पण त्याची नोंद कोणी ठेवली नाही, त्याला कोणी शिकविले नाही आणि तो निघून गेला तेव्हा कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही. १९७१ च्या युद्धात पूर्व समुद्रात पराक्रम गाजविलेली विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत' २०१४ मध्ये याच दारूखान्यात तोडण्यात आली. देशभक्तांच्या मनाला तेव्हा वेदना झाल्या आणि त्या योग्यच होत्या.

मात्र जहाज तुटल्याची वेदना होते, तशी जहाज बांधणारा हात तुटल्याची होत नाही. लोखंड पुन्हा वितळवता येते, नवी 'विक्रांत' बांधता येते. कोचीच्या गोदीत ती बांधली गेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखलही झाली. हाताचे कसब एकदा विखुरले, की ते गोळा करण्यास एक पिढी खर्ची पडते. दारूखान्यापासून एका स्थानकाच्या अंतरावर, माझगाव गोदीत, हे विखुरणे प्रत्यक्ष घडले. त्यासाठी ना मोर्चे निघाले, ना अग्रलेख लिहिले गेले.

एकच गोदी, दोन कथा

१७७४ मध्ये एका लहानशा सुक्या गोदीपासून सुरू झालेला माझगावचा हा उद्योग १९६० मध्ये भारत सरकारने आपल्या ताब्यात घेतला. तेथून पुढे त्याच्या दोन कथा होतात.

पहिली कथा युद्धनौकांची. ब्रिटिश लिअँडर वर्गाच्या आराखड्यावर बांधलेली 'निलगिरी' १९७२ मध्ये नौदलात आली. त्यानंतर 'हिमगिरी', 'उदयगिरी', 'दुनागिरी', 'तारागिरी' आणि १९८१ मध्ये 'विंध्यगिरी', अशा सहा नौका एकामागून एक बांधल्या गेल्या. पहिलीवर जो हेल्पर होता तो सहावीपर्यंत कसबी कारागीर झाला. त्याच हातांनी १९८३ मध्ये भारतीय आराखड्याची 'गोदावरी' दिली. १९९७ मध्ये 'दिल्ली' ही विनाशिका आली, २०१० मध्ये 'शिवालिक', २०१४ मध्ये 'कोलकाता', २०२१ मध्ये 'विशाखापट्टणम'. वेळापत्रके चुकली, विलंब झाले. पण साखळी तुटली नाही. एका नौकेच्या सांगाड्यावरून उतरलेला कामगार दुसऱ्या नौकेच्या सांगाड्यावर चढत राहिला. प्रत्येक पिढीला वरच्या पिढीचा हात धरावयास मिळाला.

दुसरी कथा पाणबुड्यांची. ११ डिसेंबर १९८१ रोजी पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कील येथे आणि दोन माझगावात बांधावयाच्या, असे ठरले. पुढे आणखी दोन बांधण्याची सोयही करारात होती. भारतीय अभियंते आणि कारागीर कीलला जाऊन शिकून आले. माझगावात बांधलेली 'शाल्की' ७ फेब्रुवारी १९९२ रोजी आणि 'शंकुल' २८ मे १९९४ रोजी नौदलात दाखल झाली. पाणबुडी बांधू शकणारी राष्ट्रे जगात मोजकी आहेत. त्या पंक्तीत भारत जाऊन बसला.

आणि तेथेच साखळी तुटली. १९८७ मध्ये या व्यवहारात दलाली दिली गेल्याचा आरोप झाला होता. राजकीय वादळ उठले आणि पाचव्या-सहाव्या पाणबुडीचा विचार त्या वादळात वाहून गेला. दलाली खाल्ली गेली असेल तर खाणाऱ्याला तुरुंगात धाडावयास हवे होते. प्रत्यक्षात कोणालाही शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली ती कीलहून शिकून आलेल्या वेल्डरला, फिटरला, आराखडे वाचणाऱ्या अभियंत्याला. ज्यांचा दलालीशी सुतराम संबंध नव्हता, त्यांच्या हातातील काम काढून घेण्यात आले. अपराधी मोकळे आणि कारागीर रिकामे, असा तो न्याय होता.

सहा महिने आणि बारा वर्षे

पाणबुडीच्या कामात असे काय आहे की माणूस रिकामा राहिला तर विद्याच जाते? सामान्य वाचकाने हे समजून घेतले पाहिजे, कारण सारा प्रश्न येथे आहे.

पाणबुडीचे मुख्य कवच म्हणजे खास पोलादाची वलये एकमेकांना जोडून केलेले नळकांडे. शेकडो मीटर खोल पाण्याचा दाब त्याला सर्व बाजूंनी दाबत असतो. वलयाचा गोलाई किंचित बिघडली, किंवा जोडात केसाएवढी भेग राहिली, तर आतल्या प्रत्येक माणसाचा जीव धोक्यात येतो. म्हणून वेल्डिंगपूर्वी पोलाद ठरावीक तापमानापर्यंत तापवावे लागते, जोड थरावर थर देऊन भरावा लागतो आणि नंतर त्याची क्ष-किरणांनी व ध्वनिलहरींनी तपासणी होते. एखादा जोड नापास झाला तर तो कोरून काढून पुन्हा भरावयाचा. हे पुस्तक वाचून येत नाही. अडचणीच्या जागी, आडवे पडून, डोक्यावरच्या जोडाला हात स्थिर ठेवून ते करता येण्यासाठी वर्षे लागतात.

वेल्डरच्या पात्रतेविषयीचे आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतात. वेल्डरने सलग सहा महिने त्या पद्धतीचे काम केले नाही, तर त्याची पात्रता संपुष्टात येते आणि त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागते. सहा महिन्यांत जेथे प्रमाणपत्र शिळे होते, तेथे माझगावच्या पाणबुडी कारखान्यात किती काळ खंड पडला? 'शंकुल' १९९४ मध्ये बाहेर पडली. फ्रेंच स्कॉर्पीन वर्गाच्या सहा पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला आणि पोलाद कापण्यास त्यानंतर एक वर्षाहून अधिक काळ लागला. म्हणजे सुमारे बारा वर्षे. मधल्या काळात दुरुस्तीची कामे होती, पण दुरुस्ती म्हणजे बांधणी नव्हे. अनुभवी माणसे निवृत्त झाली, काही अन्य विभागांत वळविली गेली, काहींनी बाहेरची वाट धरली. त्यांच्या जागी शिकण्यासाठी कोणी उभे नव्हते, कारण शिकावयास कामच नव्हते.

परिणाम आकड्यांत दिसतो. पहिली स्कॉर्पीन २०१२ मध्ये मिळावयाची होती; 'कलवरी' दाखल झाली १४ डिसेंबर २०१७ रोजी. १९९४ नंतर तेवीस वर्षे भारतात बांधलेली एकही नवी पारंपरिक पाणबुडी नौदलाला मिळाली नाही. २००५ मध्ये १८,७९८ कोटी रुपयांना मंजूर झालेला प्रकल्प २०१० मध्ये २३,५६२ कोटींवर गेला. ही सारी वाढ आणि सारा विलंब कौशल्यक्षयामुळे झाला, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परदेशातून घ्यावयाच्या सामग्रीची खरेदी रखडली, हेही त्याचे मोठे कारण होते. पण जी विद्या एकदा जर्मनांकडून विकत घेतली होती, तीच पुन्हा फ्रेंचांकडून विकत घ्यावी लागली, हे कोण नाकारील?

येथे एका पक्षाला दोष देऊन हात झटकता येणार नाहीत. १९८७ च्या काँग्रेस सरकारचा दोष उघड आहे. पण १९९९ मध्ये, वाजपेयी सरकारच्या काळात, तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधण्याची योजना संमत झाली. ती दूरदृष्टीची होती. तिच्यावर वेळेत करार झाले असते, तर माझगावचे अनुभवी कारागीर अजून हाताशी होते. त्यानंतर दिल्लीत सरकारे बदलली, फायली तशाच राहिल्या. एकाच गोदीत, एकाच व्यवस्थापनाखाली, एकाच शहरात युद्धनौका बांधणारा हात टिकला आणि पाणबुडी बांधणारा हात विखुरला. दोहोंत फरक एकच होता: एकाला काम मिळत राहिले, दुसऱ्याला मिळाले नाही.

इतिहासाने दिलेली शिकवण

हा धडा नवा नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या परिसरात आरमाराची उभारणी सुरू केली, तेव्हा जहाजे बांधण्यासाठी पोर्तुगीज कारागीर कामास घेतले होते. हे आरमार उद्या आपल्याच उरावर बसेल, हे ओळखून १६५९ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फिरविले आणि ते काम टाकून निघून गेले. महाराजांनी त्यामुळे आरमाराचा नाद सोडला नाही. कोकणातील कारागिरांच्या हातून जहाजे बांधून घेतली, किनाऱ्यावर जलदुर्ग उभे केले, आणि त्या आरमाराचा वारसा पुढे आंग्र्यांनी चालविला. उसना कारागीर ऐन वेळी निघून जातो. आपल्या मातीत घडविलेला आणि सतत कामावर ठेवलेला कारागीर मागे राहतो, हे महाराजांनी कृतीने दाखविले.

शत्रूनेही हेच केले. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी सुरतेच्या गोदीत लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराचे कसब हेरले आणि १७३६ मध्ये त्यांना सहकाऱ्यांसह मुंबईस आणले. कंपनीने त्यांना एक जहाज बांधून परत धाडले नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाडिया घराण्याकडे मुंबईच्या गोदीचे मुख्य बांधकाम राहिले. १८१७ मध्ये येथे पाण्यात उतरविलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी वाफेच्या यंत्रविद्येकडे वळले, माझगावच्या आपल्या घरी त्यांनी गॅसचे दिवे लावले आणि १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य होणारे ते पहिले भारतीय ठरले. घराण्याच्या हाती सतत काम असले, की सुताराच्या पोटी शास्त्रज्ञ जन्मतो, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

'माणूस बाजारात मिळतो'

या साऱ्यावर व्यवस्थापनशास्त्राच्या नव्या पंडितांचे उत्तर ठरलेले असते. काम नसताना पगार का द्यावा? काम आले की जाहिरात द्यावी, ठरावीक मुदतीचा करार करावा, काम संपले की माणूस मोकळा. गुणवंतांना टिकविण्यासाठी ते पगाराचे पॅकेज, पारितोषिके आणि वार्षिक सोहळे सुचवितात.

ज्या कामाला दोन महिन्यांत माणूस तयार होतो, तेथे हा हिशेब कदाचित चालेल. पाणबुडीच्या कवचाला तो लागू करणे म्हणजे दारूखान्याचा नियम गोदीला लावणे होय. आणि तो लावला जात आहे. माझगाव गोदीची स्वतःची शिकाऊ उमेदवारांची शाळा आहे. आठवी, दहावी आणि आयटीआय झालेली मुले तेथे वेल्डर, रिगर, पाइप फिटर, स्ट्रक्चरल फिटर होतात. हे काम वंदनीय आहे. परंतु शिकून बाहेर पडलेल्या मुलाला कायम नोकरीची हमी नाही. कुशल कामगारांची पदे वर्षानुवर्षे तीन वर्षांच्या आणि पुढे थोड्याशा मुदतवाढीच्या करारावर भरली जात आली आहेत. सर्व बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने प्रत्येक मालकाला अशा उमेदवारांच्या भरतीचे धोरण ठरविणे बंधनकारक केले. धोरण कागदावर असणे आणि मुलगा कामावर असणे, यांत अंतर आहे.

कराराची मुदत संपत आलेल्या माणसाची मनःस्थिती कोणी विचारात घेतो काय? आपल्या जागी उद्या दुसरा येणार, हे ज्याला ठाऊक आहे, तो आपले कसब शेजारच्या पोराला मन मोकळे करून का शिकवील? गुरु-शिष्य परंपरा स्थैर्यावर जगते. अस्थिर माणूस विद्या लपवून ठेवतो. त्यात त्याचा दोष नसतो.

बाजारावर विसंबल्याचा परिणाम बाजाराची महती गाणाऱ्या ब्रिटननेही भोगला. बॅरो येथील पाणबुडी कारखान्यात व्हॅनगार्ड वर्गाचे काम संपत आले आणि पुढचे काम वेळेत आले नाही. दहा हजारांहून अधिक असलेली कामगारसंख्या तीन हजारांच्या आसपास घसरली. पुढे 'अॅस्ट्यूट' बांधावयास घेतली, तेव्हा अडचणी इतक्या वाढल्या की अमेरिकेच्या गोदीतून तज्ज्ञ बोलवावे लागले. पाणबुडी अनेक वर्षे उशिरा, २०१० मध्ये दाखल झाली. याउलट जपान कोबे येथील मित्सुबिशी आणि कावासाकी या दोन गोद्यांत आळीपाळीने साधारण दरवर्षी एक पाणबुडी बांधतो. त्याच देशात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधण्याची प्राचीन प्रथा आहे. शेवटचे बांधकाम २०१३ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे सुतारांच्या प्रत्येक पिढीला आयुष्यात ते काम करावयास मिळते. जुन्या समाजांना जे धर्माचरणातून उमगले होते, ते आधुनिक राष्ट्रांना पराभवातून शिकावे लागते.

पुन्हा तोच उंबरठा

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत पंतप्रधानांच्या उपस्थितीत 'सुरत' ही विनाशिका, नवी 'निलगिरी' आणि सहावी स्कॉर्पीन 'वागशीर' अशी माझगावने बांधलेली तीन जहाजे एकाच दिवशी नौदलात दाखल झाली. अभिमानाने ऊर भरून यावा असाच तो दिवस होता. पण त्याच दिवशी एक गोष्ट कोणी मोठ्याने बोलले नाही. 'वागशीर' ही मालिकेतील शेवटची पाणबुडी होती आणि पुढच्या पाणबुडीचा करार त्या दिवसापर्यंत झालेला नव्हता. पुढच्या मालिकेची वाटाघाट २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झाली. तिची आवश्यकता मात्र २००७ च्या सुमारासच मान्य झालेली होती. १९९४ मध्ये ज्या उंबरठ्यावर पाय अडखळला, त्याच उंबरठ्यावर गोदी पुन्हा येऊन उभी राहिली आहे. स्कॉर्पीनच्या सहा पाणबुड्यांवर घडलेला प्रत्येक हात आज मोजून राखला नाही, तर २०४० मध्ये कोणी तरी याच विषयावर हाच लेख लिहील.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. एक, पाणबुड्यांची मागणी अशा रीतीने नोंदविली जावी की एक बांधून होण्यापूर्वी दुसरीचे पोलाद कापले जाईल. दलालीच्या चौकशा कठोरपणे व्हाव्यात, पण चौकशीच्या नावाने कारखाना रिकामा होऊ नये. दोन, पाणबुडी-बांधणीतील पात्रताधारक कारागिरांना मुदतीच्या करारातून वगळून कायम सेवेत घ्यावे. कामाच्या दोन मालिकांमध्ये त्यांच्या हातांना सराव, दुरुस्ती आणि अध्यापनाचे काम द्यावे. तीन, निवृत्त कारागिरांना प्रशिक्षण शाळेत सन्मानाने आचार्य म्हणून बोलवावे.

चौथी मागणी सरकारकडे नाही. ती समाजाकडे आहे. लालबाग-परळच्या घरांतून एकेकाळी जॉबर आणि फिटर निघत. १९८२ च्या संपानंतर ती विद्या गिरण्यांबरोबर गेली आणि मध्यमवर्गाने आपल्या मुलांना एकच मंत्र दिला: हात काळे करू नको. विश्वकर्म्याची जयंती साजरी करावयाची, दसऱ्याला हत्यारांची पूजा करावयाची आणि हत्यार हाती धरणाऱ्याला मात्र पंगतीत दुसऱ्या ओळीत बसवावयाचे, हा दुटप्पीपणा आहे. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांनी कामगार हा उद्योगाचा भागीदार आहे, हे आयुष्यभर सांगितले. भागीदाराला कोणी तीन वर्षांच्या करारावर ठेवीत नाही. पाणबुडीच्या जोडावर आपली निशाणी उठवून तपासणीला उभा राहणारा वेल्डर ज्या दिवशी वस्तीतल्या सत्कार-समारंभात पहिल्या खुर्चीवर बसेल, त्या दिवशी दहावीचा हुशार मुलगाही गोदीच्या शाळेचा अर्ज भरेल.

रे रोडचे घोडपदेव अवश्य व्हावे. देवाच्या नावाच्या त्या स्थानकावर उतरणाऱ्या कारागिराला पुढची वीस वर्षे आपले काम ठाऊक असावे, इतकी तरतूद त्या नावासोबत झाली तर नामांतर सार्थ होईल. तोवर रिकामा बसणारा प्रत्येक कसबी हात हा शत्रूला दिलेला अवधी आहे, हे राज्यकर्त्यांनी विसरू नये.